तिसरं पाकीट

साशंक : तुमच्या मामांच्या छापखान्यात तुम्ही लिनक्सचा संगणक बसवून दिलात, तेव्हापासून मामा येईल त्याला सांगतात, ‘आता आमचं काही जाणार नाही.’ मला त्या वाक्याची भीती वाटते. तिथे अठ्ठावीस वर्षांचं काम आहे. दिवाळी अंक आहेत, गावातल्या संस्थांच्या स्मरणिका आहेत, दोन-चार कवींचे संग्रह आहेत, ज्यांची हस्तलिखितं आता त्यांच्या घरच्यांकडेही नाहीत. पूर्वी मामा धास्तावलेले असायचे. अंक छापून झाला की दोन सीडी लिहायचे आणि त्यांतली एक घरच्या कपाटात ठेवायचे. आता ते बंद झालं. तुमचं यंत्र काय काय वाचवेल ते मला सांगता येणार नाही, पण मामांची धास्ती गेली एवढं दिसतं, आणि आजवर ते काम त्या धास्तीवरच टिकलं होतं.

हौशी : टिकलं होतं असं आपण म्हणतो, कारण कुणी उघडून पाहिलं नव्हतं. मी त्या सीडी वाचायला घेतल्या तेव्हा कितीतरी निघाल्याच नाहीत. कुणाचा वरचा चंदेरी थर सुटलेला, कुणावर पावसाळ्यातल्या बुरशीचे डाग. धास्तावलेला माणूस प्रत घेतो आणि कपाटात ठेवून मोकळा होतो, ती चालते का ते बघत नाही. म्हणून मला बघणारं यंत्र हवं होतं. मी लिनक्सपैकी डेबियन घातलं. एक लहान एसएसडी फक्त यंत्रणेसाठी, आणि चार टेराबाइटच्या दोन डिस्क झेडएफएस या फाइलप्रणालीच्या आरशात. आरसा म्हणजे एकीवर जे लिहिलं ते त्याच क्षणी दुसरीवरही. आठ टेराबाइट विकत घेऊन चारच वापरायला मिळतात, हे मामांना पटवायला मला एक संध्याकाळ लागली. महिन्यातून एकदा ते यंत्र प्रत्येक फाइलचा प्रत्येक तुकडा वाचतं आणि त्याच्या चेकसमशी, म्हणजे त्या तुकड्यावरून काढून ठेवलेल्या खुणेशी, ताडून बघतं. याला स्क्रब म्हणतात. एका डिस्कवरचा तुकडा बिघडलेला निघाला, तर दुसरीवरचा चांगला तुकडा आणून तिथे लिहितं. सीडीच्या कपाटाला हे कधी जमलं असतं?

आणि लिनक्स का, तर मामांचं यंत्र मामांचं राहावं म्हणून. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतल्या एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सनं आपण हौसेखातर एक यंत्रणा लिहितो आहोत असं जाहीर केलं. पुढच्या वर्षी ती जीपीएल परवान्याखाली आली, म्हणजे ती वापरण्याचा, उघडून बघण्याचा, बदलण्याचा, दुसऱ्याला देण्याचा हक्क कायमचा सगळ्यांना मिळाला. उद्या एखाद्या कंपनीनं धोरण बदललं म्हणून मामांच्या फाइलींना कुलूप लागणार नाही. ऑर्कुटवर आपल्या लोकांनी किती लिहिलं होतं ते तुम्हाला आठवतं. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. ज्यांनी आपलं लिखाण वेळेत उतरवून घेतलं नाही, त्यांच्या हातात काही उरलं नाही.

साशंक : तुमचा हेतू मला मान्य आहे. मी आरशाबद्दल विचारतो. आरसा एकाच संकटाशी लढतो, ते म्हणजे एक डिस्क मरणं. छापखान्यातलं काम खरोखर कसं कसं जातं ते मोजू या. कुणीतरी चुकून फोल्डर पुसतं, आरसा त्याच क्षणी दुसऱ्या डिस्कवरूनही पुसतो. व्हायरस फाइलींना कुलपं घालतो, ती कुलपं दोन्हीकडे लागतात. परतीच्या पावसात वीज कोसळते आणि पॉवर सप्लाय जळताना दोन्ही डिस्क घेऊन जातो, कारण दोघी एकाच तारेवर आहेत. चोर पेटी उचलून नेतो. नदी येते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत तळमजल्यावरच्या किती कचेऱ्यांतलं कपाट आणि संगणक एकदमच पाण्यात गेले. २०२१ च्या जुलैत चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठी शिरली. पाणी काही पहिली डिस्क सोडून दुसरी बुडवत नाही. शेजारी ठेवलेल्या दोन प्रतींना मी दोन प्रती मानत नाही.

हौशी : बरोबर आहे. रेडला, म्हणजे आरशासारख्या डिस्क जोडण्याच्या रीतींना, बॅकअप समजू नका, हे या क्षेत्रात पहिल्या दिवशी शिकवतात. यंत्र चालू राहावं म्हणून रेड असते. १९८८ मध्ये बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी जो निबंध मांडला, त्यात मोठ्या संगणकांच्या महागड्या डिस्कऐवजी छोट्या संगणकांच्या स्वस्त डिस्क पुष्कळ संख्येनं जोडाव्यात अशी कल्पना होती. पुष्कळ डिस्क म्हटल्या की त्यांतली एखादी सतत मरणार, म्हणून थोडी जास्तीची माहिती साठवून ठेवायची. तीन डिस्क असल्या तर दोघींवर मजकूर आणि तिसरीवर त्या दोघींची बेरीज, असं समजा. ५ आणि ७, बेरीज १२. सातवाली गेली तरी १२ मधून ५ वजा करून ती परत मिळते. प्रत्यक्षात ही पॅरिटी सगळ्या डिस्कवर वाटून ठेवतात, पण मर्म हेच. डिस्क मेली तरी सोमवारी सकाळी छापखाना उघडतो, आणि तेवढ्यापुरताच मला आरसा हवा आहे. बाकीच्या संकटांसाठी वेगळी सोय केली आहे. दर तासाला स्नॅपशॉट घेतला जातो. झेडएफएस जुन्या तुकड्यावर नवा लिहीत नाही, नवी जागा घेतं, त्यामुळे कालच्या फोल्डरचं चित्र जवळपास फुकट जपता येतं. पुसलेलं फोल्डर मामा स्वतः परत आणतात. यूपीएसची यूएसबी तार संगणकाला जोडली आहे, बॅटरी उतरायला लागली की यंत्र स्वतःहून नीट बंद होतं. आणि तिसरी एक डिस्क आहे. ती महिन्यातून एकदा जोडायची, नक्कल घ्यायची, काढायची आणि माझ्या मामेबहिणीच्या घरी न्यायची. तिचं घर टेकडीवर आहे.

साशंक : ती तिसरी डिस्क मला या सगळ्यातली सर्वांत मोलाची वाटते, आणि तीच सर्वांत कमी यांत्रिक आहे. तिला हात लागतात आणि आठवण लागते. त्याकडे मी परत येईन. आधी डिस्क मरण्याबद्दलच बोलू, कारण तुम्ही ‘एखादी मरणार’ असं म्हणालात. २००७ मध्ये बियांका श्रोडर आणि त्याच गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासून निष्कर्ष एका परिषदेत मांडले. कंपन्या कागदावर दहा ते पंधरा लाख तासांचं सरासरी आयुष्य लिहितात. त्या हिशेबानं वर्षाला शंभरात एकही डिस्क मरायला नको. प्रत्यक्षात शंभरात दोन ते चार डिस्क बदलाव्या लागत होत्या, आणि काही ठिकाणी तेरापर्यंत. त्याच परिषदेत गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या लाखावर डिस्कचा अभ्यास मांडला. स्मार्ट नावाची डिस्कची स्वतःची तब्येत सांगणारी जी यंत्रणा असते, तिच्या चार महत्त्वाच्या खुणांपैकी एकही न दाखवता मेलेल्या डिस्क छप्पन टक्क्यांहून अधिक होत्या. म्हणजे निम्म्याहून अधिक डिस्क कुरकुर न करता गेल्या. तुम्ही मामांच्या दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून घेतल्या असतील. त्या एका वयाच्या, एका घडणीच्या, एकाच खोलीतल्या उन्हाळ्यात आणि एकाच कामात झिजणाऱ्या. पहिली गेली की दुसरीला आयुष्यातलं सर्वांत कष्टाचं काम लागतं. सगळा मजकूर एका दमात वाचून नवीला द्यायचा.

हौशी : एकाच दुकानातून घेतल्या, हे खरं. आता शिकलो. एक आज आणि एक सहा महिन्यांनी, तीही दुसऱ्या कंपनीची घ्यायला हवी होती. आणि ते कष्टाचं काम किती वाईट असू शकतं, ते मीच सांगतो. साध्या डिस्कच्या कागदावर लिहिलेलं असतं की एकावर चौदा शून्यं इतके बिट वाचताना एखादा वाचता येणार नाही. हे साडेबारा टेराबाइट होतात. आठ-आठ टेराबाइटच्या तीन डिस्क पॅरिटीनं जोडल्या आणि एक मेली, तर उरलेल्या दोघींचे सोळा टेराबाइट चूक न होता वाचावे लागतात. कागदावरचा आकडा हमीची कमाल मर्यादा सांगतो, प्रत्यक्षात डिस्क बहुधा त्याहून बऱ्या निघतात, पण त्या भरवशावर घर बांधू नये. म्हणून पॅरिटी न घेता आरसा घेतला, म्हणून डिस्क लहान घेतल्या. आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. काही स्वस्त डिस्कवर चुंबकीय पट्टे मंगलोरी कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर वरची पुष्कळ कौलं उचलावी लागतात. अशी डिस्क रोजच्या वापरात कळत नाही. नवी डिस्क भरायची वेळ आली की मग काही तासांच्या कामाला दिवसच्या दिवस लागतात, आणि तेवढे दिवस तुमची एकुलती एक प्रत उघड्यावर असते.

पण मला मुळात जे आवडतं ते वेगळं आहे. साध्या आरशात दोन डिस्क दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागल्या, तर खरं कोण ते यंत्राला ठरवता येत नाही. झेडएफएसला येतं, कारण प्रत्येक तुकड्याची खूण त्या तुकड्यापासून दूर, त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या तुकड्यात ठेवलेली असते. हे वाचताना मला वेद म्हणणारे घनपाठी आठवले. पहिला शब्द आणि दुसरा, मग दुसरा आणि पहिला, मग पहिला-दुसरा-तिसरा, मग उलटे तिसरा-दुसरा-पहिला, मग पुन्हा सरळ. एकच ऋचा अशी विणून म्हटली की कुठे अक्षर बदललं तर वीण लगेच अडखळते. अर्थासाठी त्या आवर्तनांची गरज नाही, ती केवळ चूक पकडण्यासाठी आहेत. कागद नसताना इतक्या शतकांचा मजकूर स्वरांसकट टिकला तो या जास्तीच्या म्हणण्यामुळे. मी मामांच्या यंत्रात महिन्याचा स्क्रब लावला तेव्हा हाच विचार मनात होता, की म्हणत राहायचं, ताडत राहायचं.

साशंक : उदाहरण सुंदर आहे, आणि ते पुढे नेलं तर माझ्या बाजूनं बोलू लागतं. पतंजलींनी महाभाष्यात ऋग्वेदाच्या एकवीस शाखा सांगितल्या आहेत. आज पठणात मुख्यतः एकच टिकली, शाकल. बाकीच्या शाखांच्या पाठात दोष होता म्हणून त्या गेल्या नाहीत. त्यांच्याकडेही जपण्याच्या रीती असतीलच. म्हणणारी घरं संपली. वीण अक्षर चुकू देत नाही, पण शेवटचा घनपाठी गेल्यावर वीण कुणाला सावध करणार?

आमच्या जुन्या कचेरीत असंच झालं. एका हुशार मुलानं सगळं उभं केलं होतं. लिनक्स, रेड, रोजची नक्कल, आणि बिघाड झाला तर ई-मेल. तो दुसरीकडे गेला. त्याचा ई-मेल पत्ता बंद झाला आणि यंत्र त्याच पत्त्यावर पत्रं पाठवत राहिलं. पेटीवर एक तांबडा दिवा लागलेला होता. आम्ही सगळे रोज त्याच्यावरून चहाला जायचो. मला वाटायचं, असा दिवा असतोच. पाच-सहा महिन्यांनी दुसरी डिस्क गेली, तेव्हा कळलं की तो दिवा काय सांगत होता. बारा वर्षांच्या पत्रव्यवहाराचा मोठा भाग गेला. त्या मुलाला मी दोष देत नाही. यंत्रानंही आपलं काम चोख केलं. ते सांगत होतं, पण ऐकणारं कुणी नव्हतं. दोन डिस्क होत्या, दोन पॉवर सप्लाय होते, आणि तो मुलगा एकच होता.

हौशी : माझ्या हातून एकदा याच जातीची चूक झाली आहे, आणि ती यंत्राच्या आतली आहे, म्हणून सांगतो. माझ्या घरच्या पहिल्या संगणकावर मी यंत्रणाच आरशात टाकली होती. दोन डिस्क, दोन्हीवर सगळं. खूश होतो. दोन वर्षांनी पहिली डिस्क मेली. म्हटलं, हरकत नाही. संगणक बंद करून सुरू केला तर काळा पडदा. मजकूर दोन्हीकडे होता, पण संगणक सुरू करणारा छोटा बूटलोडर मी फक्त पहिल्या डिस्कवर बसवला होता. माहिती काही गेली नाही, पण ती रात्र गेली. दुसऱ्या दिवशी घाईत मी चांगली डिस्क काढणार होतो, कारण लिनक्समध्ये एसडीए, एसडीबी ही नावं कायमची नसतात. संगणक पुन्हा सुरू झाला की ती अदलाबदल होऊ शकतात. मी नावावर भरवसा ठेवला होता. हात थांबला तो केवळ अनुक्रमांक वाचावा असं मनात आलं म्हणून. आता प्रत्येक डिस्कच्या दर्शनी कडेला मोठ्या अक्षरात तिचा अनुक्रमांक चिकटवतो आणि यंत्रातही त्याच क्रमांकानं तिची नोंद ठेवतो. मामांच्या पेटीवर त्या पट्ट्या मामेबहिणीनं लिहिल्या आहेत.

साशंक : ती शिकते आहे का?

हौशी : थोडं. त्याकडे येतो. आधी व्हर्च्युअल मशीनबद्दल, म्हणजे व्हीएमबद्दल, बोलू द्या, कारण तुमची पुढची शंका तिथेच असणार. मामांचं अर्ध्याहून अधिक काम पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ लाच आली, पण आपले छापखाने पुढची वीस वर्षं आपापल्या फॉन्टवर चालले. त्या फॉन्टमध्ये ‘क’च्या जागी खरं तर एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं आणि फॉन्ट त्याला ‘क’चा चेहरा देतो. फॉन्ट नसला की कवितेच्या जागी चिन्हांची रास दिसते. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. फाइल अगदी धडधाकट आहे, चेकसम जुळतो, तरी वाचता येत नाही. म्हणून मी लिनक्सच्या पोटात एक जुना संगणकच उभा केला. ही कल्पना आजची नाही. आयबीएमनं १९६० च्या दशकात एका मोठ्या यंत्रात अनेक यंत्रं भासवली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आणलं. लिनक्समध्ये केव्हीएम २००७ च्या फेब्रुवारीत आलं, आणि तेव्हापासून लिनक्सचा गाभाच अशा यंत्रांचा यजमान होऊ शकतो. मामांच्या त्या व्हीएममध्ये विंडोज एक्सपी आहे, पेजमेकर आहे, त्यांचे फॉन्ट आहेत. एक्सपीची डागडुजी ८ एप्रिल २०१४ ला थांबली, म्हणून त्या यंत्राला नेटवर्क दिलेलंच नाही. सॉफ्टवेअरच्या कुलपाचा यूएसबी डोंगल यजमानाकडून त्याच्याकडे सोपवला आहे. तो अख्खा संगणक म्हणजे एक फाइल. तिचा स्नॅपशॉट निघतो, तिची नक्कल टेकडीवर जाते. पहिल्यांदा त्यात १९९९ चा दिवाळी अंक उघडला, जोडाक्षरं जागच्या जागी, रेफ बरोबर अक्षरावर, तेव्हा मामा खुर्ची ओढून बसले आणि दोन तास पानं चाळत राहिले.

साशंक : तो क्षण मी लहान मानत नाही. पण तुम्ही काय जपलंत ते नीट पाहा. कविता नव्हे, तर कविता दाखवणारं यंत्र, ते यंत्र भासवणारं दुसरं यंत्र, आणि त्या दुसऱ्याला सांभाळणारं तिसरं. कवीच्या नातीला तो संग्रह वाचायचा असेल तर तिला लिनक्स, केव्हीएम, एक्सपी, पेजमेकर, फॉन्ट आणि डोंगल अशा सहा दारांतून जावं लागेल, आणि डोंगल तर बोटाएवढी प्लास्टिकची वस्तू आहे. तिची नक्कल कुठल्याच आरशात नाही. त्यापेक्षा त्या दोनशे कविता बसून युनिकोडमध्ये आणल्या असत्या, शुद्धलेखन तपासलं असतं, साध्या मजकुराच्या फाइली चार माणसांना दिल्या असत्या आणि वीस प्रती कागदावर छापून चार वाचनालयांत ठेवल्या असत्या, तर? त्याला रेड लागत नाही, व्हीएमही लागत नाही.

हौशी : कवितांचं तेच करायला हवं आणि ते आम्ही सुरू केलं आहे. पण परिवर्तक लावला की काय होतं ते बघा. रेफ पुढच्या अक्षरावर उडी मारतो, ऱ्हस्व वेलांटी मागच्या अक्षराला चिकटते, ‘श्र’चे तुकडे होतात. प्रत्येक ओळ मूळ पानाशी ताडावी लागते, आणि मूळ पान दिसतं ते त्या व्हीएममध्येच. कवितेत कवीनं मुद्दाम सोडलेली जागा, अंकातल्या जाहिराती, स्मरणिकेतलं देणगीदारांचं कोष्टक, हे साध्या मजकुरात उतरत नाही. छापलेल्या प्रती? १९९९ च्या अंकाच्या मामांकडे दोन उरल्या आहेत, एकीला वाळवी. म्हणून व्हीएम मला साक्षीदार म्हणून हवं आहे. अनुवाद झाला तरी मूळ संहिता आपण फेकत नाही.

साशंक : साक्षीदार म्हणून मान्य. पण साक्षीदार जिवंत आहे की नाही ते कधी पाहिलंत? चालू व्हीएमचा स्नॅपशॉट म्हणजे चालत्या यंत्राची तार ओढल्यावर जे उरेल ते. बहुतेक वेळा उठतं. आणि एकावर एक उपाय रचत गेलं की माणूस फसतो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत थकलेल्या अभियंत्यानं दुय्यम सर्व्हरवर चालवायची पुसण्याची आज्ञा मुख्य सर्व्हरवर चालवली. त्यांच्याकडे पाच वेगवेगळे उपाय होते. एकही वेळेला कामी आला नाही. रोजची नक्कल कित्येक दिवस निघतच नव्हती, आणि ती निघत नसल्याची ई-मेलं वाटेत नाकारली जात होती. वाचले ते त्याच अभियंत्यानं सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हातानं घेतलेल्या स्नॅपशॉटमुळे. ते लोक तज्ज्ञ होते, पगारी होते, पाळीपाळीनं जागे होते. मामांच्या छापखान्यात तुम्ही एकटे आहात, तेही पुण्याहून.

हौशी : मग काय, मोठ्या कंपनीच्या क्लाउडवर टाकावं? तिथे पाळीनं जागणारी माणसं आहेत, हे खरं. पण मामांचं कार्ड नाकारलं गेलं, किंवा एखाद्या यंत्रानं त्यांचं खातं संशयास्पद ठरवलं, तर ते कुणाच्या दारात उभे राहणार? २०२३ च्या अखेरीस ब्रॉडकॉमनं व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर विकणारी व्हीएमवेअर विकत घेतली आणि महिन्याभरात कायमचे परवाने विकणं बंद करून वर्गणी सुरू केली. मोठमोठ्या कंपन्यांची धांदल उडाली. मामांना दुसऱ्याच्या धोरणावर जगायला मी कसं सांगू? एक नक्कल क्लाउडवर असू दे, मी तिच्या विरुद्ध नाही. पण ती एकमेव नसावी, आणि तिथे जाण्याआधी तिला आपलं कुलूप असावं.

साशंक : कुलूप. म्हणजे तुम्ही डिस्कला सांकेतिक कुलूप घातलं आहे?

हौशी : टेकडीवर जाणाऱ्या डिस्कला घातलं आहे, लिनक्समधल्या लक्स या सोयीचं. ती पिशवीतून जाते, रिक्षात विसरू शकते. तीत लोकांचे पत्ते आहेत, देणगीदारांचे आकडे आहेत, एका कवीची अप्रकाशित पत्रं आहेत. उघडी कशी नेणार?

साशंक : पासफ्रेज कुठे आहे?

हौशी : मला पाठ आहे.

साशंक : आणि?

हौशी : बस, एवढंच. हो, कळलं मला, तुम्ही कुठे आणलंत ते. बूटलोडर एकाच डिस्कवर होता, तसा आता माझ्या डोक्यात आहे. पण याला उपाय आहे. लक्समध्ये एकाच कुलपाला अनेक किल्ल्या बसवता येतात. जुन्या आवृत्तीत आठ, नव्या आवृत्तीत बत्तीसपर्यंत. एक माझी, एक मामांची, एक मामेबहिणीची.

साशंक : तीन किल्ल्या म्हणजे चोराला तीन संधी. मामा ती डायरीच्या पहिल्या पानावर लिहिणार, आणि डायरी गल्ल्यावर असते.

हौशी : त्यालाही उत्तर आहे, आणि ते डिस्कच्या पॅरिटीचंच भावंड आहे. १९७९ मध्ये आदी शमीर यांनी एक रीत दाखवली. गुपिताचे तुकडे असे करायचे की तीनपैकी कोणतेही दोन एकत्र आले की गुपित उघडतं, आणि एकटा तुकडा कुणाच्या हाती लागला तर त्याला काहीसुद्धा कळत नाही. एखादा बिंदू दिला तर त्यातून कितीही रेषा जाऊ शकतात, दोन दिले की रेषा ठरते, आणि ती रेषा उभ्या अक्षाला जिथे कापते तिथे गुपित ठेवलेलं असतं. तुकडे कागदावर छापून तीन पाकिटांत घालायचे. म्हणजे रेड माणसांवर पसरायची. एक माणूस गेला, भांडला, विसरला, तरी चालतं.

साशंक : हे मला माहीत नव्हतं, आणि ते मला मनापासून आवडलं. पण नीट बघा, गुपिताचे तुकडे होतात, समजुतीचे होतील का? मामेबहीण आणि मामा दोन पाकिटं घेऊन बसले, गुपित उघडलं, पडद्यावर पासफ्रेज आली. ती कुठे घालायची? कोणती डिस्क जोडायची, झेडएफएसला ती कशी ओळखीची करून द्यायची, व्हीएम कसं उठवायचं, डोंगल कुणाला सोपवायचा? हे सगळं पुन्हा तुमच्याच डोक्यात. तुम्ही म्हणाल, लिहून ठेवीन. लिहिलेलं दोन वर्षांत जुनं होतं, डेबियनची नवी आवृत्तीही साधारण दोन वर्षांनीच येते. आणि तुम्ही ते स्वतःसाठी लिहिता, जिथे तुम्हाला अडत नाही तिथे एक ओळ सोडून देता. मला तांबड्या दिव्याबद्दल कुणी एक ओळ सांगितली असती, तर बारा वर्षांची पत्रं वाचली असती. त्या मुलाला मात्र ती ओळ लिहायची गरज वाटली नाही, कारण दिव्याचा अर्थ त्याला ठाऊक होता.

हौशी : म्हणून मामेबहिणीला शिकवतो आहे. गेल्या महिन्यात मी फोनवर होतो आणि तिनं तिसरी डिस्क जोडली, नक्कल घेतली, काढली. दोन ठिकाणी अडली. त्या दोन्ही ठिकाणी माझ्या वहीत ‘नेहमीप्रमाणे’ असं लिहिलं होतं.

साशंक : मग पुढच्या वेळी फोन बंद ठेवा. रिकामा संगणक द्या, टेकडीवरची डिस्क द्या, वही द्या, आणि १९९९ चा अंक उघडायला सांगा. उघडला तर मामांचं वाक्य मी स्वतः लोकांना सांगेन.

हौशी : नाही उघडला तर?

साशंक : तर कवितांचं टंकन आधी संपवा, यंत्र नंतर. मला अजूनही तेच वाटतं.

हौशी : आणि मला वाटतं की ती उघडेल. पहिल्यांदा नाही, तिसऱ्यांदा. मी फोन बंद ठेवीन. पण पाकिटं आजच करून टाकू. एक मामा, एक मामेबहीण. तिसरं माझ्याकडे ठेवलं तर पुन्हा मीच. ते तुम्ही घ्याल?

साशंक : मी? मला लिनक्स येत नाही.

हौशी : म्हणूनच.

साशंक : घेईन. पण मग तुकड्याबरोबर आणखी एक कागद लागेल, मला समजेल असा. त्यावर काय लिहिणार?